चष्मेवालीची हनुवटी

चष्मेवालीला दाढी होती. ही गोष्ट दुकानात, गल्लीत, नात्यागोत्यात कुणालाच माहीत नाही, असं ती धरून चालली होती. आणि अर्थातच सगळ्यांना माहीत होती. लोकांना डोळे असतात हो! त्यातून तिच्या दुकानात येणाऱ्यांचे तर ते डोळे तीच नीट करून देत होती.

आता तुम्ही म्हणाल, एखाददुसरा केस कुठल्या बाईला नसतो? तसं नव्हतं ते. वरच्या ओठावर मिशी, कानापुढे कल्ले आणि हनुवटीखाली जबड्याच्या कडेनं दाट, राठ रान. चार दिवस हात लावला नाही तर भावाला लाजवील अशी. तरुणपणी भाऊ नेमकं हेच म्हणायचा आणि आईची चापट खायचा.

बाकी बाई कामाला वाघ. चष्मा बसवणं म्हणजे नुसता नाकावर टेकवणं नव्हे. गिऱ्हाईकाच्या नाकासमोर नाक आणायचं, एक डोळा मिटायचा आणि पट्टी धरून या बाहुलीपासून त्या बाहुलीपर्यंतचं अंतर मोजायचं. मग फ्रेमच्या काड्या गरम हवेवर धरून कानामागे वळवायच्या, नाकावरच्या गाद्या किंचित आत, किंचित बाहेर करायच्या. कुणाचा एक कान वर, एक खाली. कुणाचं नाक शाळेतच मोडलेलं. ती हे सगळं बघायची, चकार शब्द काढायची नाही, आणि चष्मा असा बसवायची की माणसाला वाटावं, आपलं तोंड सरळच आहे. मालक म्हणायचे, "दुकान म्हणजे ही. आम्ही आपले गल्ल्यावर बसायला." मालक तिरसट होते, उगाच कौतुक करणाऱ्यातले नव्हते.

घोडं अडायचं ते एवढ्यावरच की या कामात तोंड लपवायची सोय नाही. वीतभर अंतरावर समोरच्याचं तोंड, डोक्यावर पांढरा झगझगीत दिवा आणि काउंटरवर जिकडे बघावं तिकडे आरसे. म्हणून तिची सगळी मदार सकाळवर होती, आणि सकाळ आईच्या हातात होती.

आई जन्मभर कापडाच्या गिरणीत, गाठी काढायच्या खात्यात. मागावरून उतरलेलं कापड टेबलावरून खिडकीकडे ओढायचं, त्यावरून तळवा फिरवायचा, आणि जिथं गाठ किंवा सुटा धागा हाताला लागेल तिथं टोकदार चिमट्यानं तो अलगद उचलायचा. डोळ्यांच्या आधी तळव्याला कळलं पाहिजे, असं आई म्हणायची. चिमटा ज्याचा त्याचा असे. आई तो सकाळी पिशवीत घालून न्यायची आणि संध्याकाळी घरी आणायची.

मुलगी जन्मली तेव्हा मांजराच्या पिलासारखी बारीक आवाजात रडली, म्हणून आईनं तिचं नाव मनी पाडलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी होतं, पण हाक मनीच. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी वरच्या ओठावर काळी रेघ उमटली आणि वर्गातल्या पोरांना ते नाव कळलं. मग काय विचारता! "मने, मिशा दाखव," म्हणून अख्खा वर्ग म्याँव म्याँव करत तिच्या मागे जिना उतरला. ती रडत घरी आली. आईनं तिला खिडकीशी बसवलं, तोंडावरून तळवा फिरवला आणि पिशवीतून चिमटा काढला. त्या दिवसापासून आईनं तिला मनी म्हणून हाक मारली नाही. नुसतं "अगं", नाहीतर "ए मुली".

मग रोजचंच झालं. खिडकीशी खुर्ची, मान मागे, आईचा डावा तळवा गालावर आणि उजव्या हातात चिमटा. चहा निवेपर्यंत चालायचं. ती चुळबुळ करायला लागली की आई म्हणायची, "हलू नकोस. एकच राहिलाय." एकच कधीही नसायचा. ते ऐकलं की चष्मेवालीला कळायचं, अजून बराच वेळ बसायचंय.

ही आई लेकीला कुशीत घेणारी नव्हे. पोरगी तापानं फणफणली तरी लांबून विचारायची, "बरं वाटतंय का?" पण रोज सकाळी तिचा तळवा त्या गालावरून जायचा. दुसरं काही मिळत नसलं की माणूस तेवढ्यावर भागवतं. तिनं भागवलं. डॉक्टरांचं नाव काढलं की आई उसळायची. "घरातली गोष्ट घरात. मी मेले नाहीये अजून."

लग्नाचं म्हणाल तर दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली आणि विरली. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी गेला. उरल्या दोघी.

आणि मग तो म्हातारा आला.

चांगला माणूस, नेहमीचं गिऱ्हाईक, फक्त कानानं बहिरा. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन नवा चष्मा लागला होता. आईचे हात अलीकडे थरथरायला लागले होते, बरेच केस सुटून जायचे, हे चष्मेवालीला कळत होतं पण ती कानाडोळा करायची. तिनं चष्मा चढवला, काड्या कानामागे बसवल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "आता कसं दिसतंय?" म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. तोंडभर हसला आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "वा! सगळं लख्ख दिसतंय. बाई, तुमची दाढीसुद्धा!"

दुकान हसलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्याला बिचाऱ्याला दिसल्याचाच आनंद झाला होता. ती पण हसली. गाद्या सारख्या केल्या, चष्मा पुसून दिला, पिशवीत भरला. मग मागच्या खोलीत जाऊन मालकांना म्हणाली, "मला काच घासायच्या मशीनवर द्या."

मालकांनी काउंटरवर तात्पुरती एक मुलगी आणली आणि चष्मेवाली मागे गेली. मागची खोली म्हणजे बिनखिडकीची. मशीनवर पाण्याची धार, काचेचा पांढरा चिखल, घरघर, आणि समोर भिंत. तिथं तोंडाला मास्क लावणं रीतसरच होतं. आठवडाभरात तिच्या लक्षात आलं की आपण दिवसभर कुणाच्याही डोळ्यांत बघितलेलं नाही. वीस वर्षं ज्या कामावर जीव लावला ते काम पडद्याच्या पलीकडे चाललं होतं, आणि नवी मुलगी काड्या उलट्या वळवत होती ते गिऱ्हाईकांच्या कुरबुरीवरून कळत होतं. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. काहीही करून त्या काउंटरवर परत जायचं, मास्क न लावता, हे तिनं तिथं त्या मशीनसमोर ठरवलं.

गेली एकदाची डॉक्टरांकडे. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "पीसीओडी आहे. बीजकोशांवर बारीक गाठी आणि पुरुषांच्या अंगात असतं ते हार्मोन तुमच्यात जरा जास्त. गोळ्यांनी नवे केस आवरतील. पण आले ते आले. तुमच्यात पांढरेही झालेत, पांढऱ्यावर लेझर चालत नाही. सुईनं एकेक जाळावा लागेल." म्हणजे इतकी वर्षं हा रोग होता आणि त्याला नावसुद्धा होतं! तिला आईचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली.

सुईवाल्या बाईंची खोली एका दातांच्या दवाखान्याशेजारी. त्यामुळे दुकानात सांगायला सोपं गेलं, दातांचं काम चाललंय. काही महिन्यांनी मालक म्हणाले, "दात आहेत की कणसाचे दाणे? संपतायत की नाही?" सुईवाल्या बाई म्हणजे बुटक्या, जाड भिंगाच्या दिव्यामागे बसणाऱ्या, आणि बोलायला फटकळ. आडवं व्हायचं, एका हातात ओल्या कापडात गुंडाळलेली धातूची दांडी धरायची. बाई केसाच्या कडेनं केसाहून बारीक सुई आत मुळापर्यंत सरकवत. पायाखालचं बटण दाबलं की बारीक टूं आवाज व्हायचा आणि आत डंख बसायचा. मग केस चिमट्यानं उचलायचा. मूळ मेलं असेल तर तो विनातक्रार येतो, अडला तर पुन्हा सुई. वरच्या ओठावर तर डोळ्यांतून आपोआप पाणी. रडायचं नसलं तरी.

"किती राहिले?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"खूप," बाई म्हणाल्या. "मी खोटं सांगत नाही. वर्ष जाईल, जास्तच जाईल. आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथं यायच्या आधी चार-पाच दिवस केस वाढू द्यायचे, नाहीतर मला धरायला काही राहत नाही. आणि उपटायचं नाही. धागा नाही, चिमटा नाही. उपटलं की मूळ वाकडं होतं, सुई पोचत नाही, सगळं वाया. फार झालं तर वस्तरा फिरवा."

जे घालवायचं तेच आधी वाढवून मिरवायचं, हा कुठला न्याय! ते चार-पाच दिवस ती मास्कच्या आत घामेजून काढायची. पण खरं अवघड ते घरी होतं.

"आई, आता चिमटा नको."

आईनं खुर्ची खिडकीशी ओढलेली होती. "का?"

"बाईंनी सांगितलंय. नाहीतर मुळं जळत नाहीत."

"माझा हात वाईट झाला का?"

"अगं, हाताचं काय त्यात!"

"थरथरतो जरा, मला कळतंय. पण अजून लागतं मला हाताला." आई हट्टानं उभी होती. मग तिनं चिमटा पुसला, पदार्थाला झाकण घालावं तसा त्यावर रुमाल घातला आणि एकटीच खिडकीशी बसून चहा प्यायली. त्यानंतर सकाळी दोघींना एकमेकींशी बोलायला काही उरलं नाही. बोलायचं काय, ते त्यांना कधी ठाऊकच नव्हतं.

त्याच सुमारास आई विसरायला लागली. किल्ली डाळीच्या डब्यात, चहात मीठ, दुपारीच दिवे लावणं. गिरणी केव्हाच बंद पडली होती, तरी एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभी. "भोंगा झाला ना!"

आणि मग ती दुपार. चष्मेवाली सुईवाल्या बाईंकडून आली होती. उजवी बाजू लाल, सुजलेली. डाव्या बाजूचं काम पुढच्या खेपेला, म्हणून तिकडचे केस वाढवलेले. गोळी घेऊन ती पलंगावर आडवी झाली आणि गाढ झोपली. जाग आली तर आई खुर्ची ओढून शेजारी बसलेली. मांडीवर रुमाल आणि रुमालावर केस, शिस्तीत ओळीनं मांडलेले, गिरणीत साहेबाला दाखवायला गाठी मांडत तसे. डावा जबडा साफ उपटलेला. इतक्या वर्षांचा हात, झोपेत तिला तो नेहमीचाच वाटला असणार.

"उठलीस?" आई खुशीत होती. "हललीससुद्धा नाहीस, शहाणी माझी. एकच राहिलाय."

चष्मेवालीचं डोकं फिरलं. "तोंड नासवलंस माझं! इतके महिने मी सुया खातेय आणि तू... आधी डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीस, आणि आता बरं होऊ देत नाहीयेस!"

"मी?" आई म्हणाली.

चष्मेवालीनं चिमटा हिसकावून घेतला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात नेऊन मशीनखालच्या खणात टाकला. आईनं तो मागितला नाही. ती मागती तर बरं झालं असतं.

"हे कुणी केलं?" सुईवाल्या बाई दिव्याखाली डाव्या बाजूकडे बघत कडाडल्या.

"मीच."

"तुम्हाला सांगून उपयोग नाही! आता ही बाजू मागे पडली. केस परत वर येईस्तोवर मी काही करू शकत नाही."

तर असं झालं की उजवा गाल, ओठ, हनुवटी महिन्यामहिन्यानं स्वच्छ होत गेली आणि डाव्या जबड्याखालचा तळहाताएवढा तुकडा तेवढा मागे राहिला. आणि इकडे आई भराभर उतरणीला लागली. तिनं हाय खाल्ली म्हणा, की रोगच तसा होता म्हणा. डॉक्टर म्हणाले रोगच तसा आहे. चष्मेवालीला ते पटलं नाही. आई अंथरुणात बसून चादरीवरून तळवा फिरवायची आणि नखांनी धागे उपसायची. चादरींची चाळण झाली. चादर काढून घेतली तर स्वतःच्या हाताची कातडी उचकटायला लागली, पार रक्त येईपर्यंत. भाऊ फोनवरून म्हणाला, "हातमोजे घाल तिला." फोनवरून सगळं सोपं असतं. तिनं हातमोजे घातले, आणि आई ते दोन्ही हात पुढे धरून लहान पोरासारखी रडली. तिनं ते काढून टाकले.

लेकीला ती "अहो बाई" म्हणायला लागली. "अहो बाई, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी वाट बघत असतील." कामावर जाताना शेजारणीला बसवून चष्मेवाली निघायची, तेव्हा आई विनवायची, "जाता जाता माझी मनी कुठं दिसली तर पाठवा. शाळा केव्हाच सुटली."

मनी! तीस वर्षांनी ते नाव त्या घरात आलं आणि जिचं होतं तिलाच तिचा पत्ता विचारत फिरलं.

अशात एक दिवस मालक मागच्या खोलीत आले. मशीन बंद करायची खूण केली. "पुढची मुलगी चालली लग्न करून. सोमवारपासून तू पुढे ये. तुझीच जागा आहे, मी दुसऱ्या कुणाला कायम केलं नाही. फक्त तो मास्क काढ. मास्कवाल्या माणसाच्या नाकाशी नाक लावायला लोक बिचकतात."

"थोडं काम राहिलंय," ती म्हणाली.

"दातांचं?"

ती मशीनवरचा पांढरा चिखल पुसायला लागली. मालक छताकडे बघत म्हणाले, "हे बघ, मला काही कळत नाही असं समजू नकोस. महिनाभर थांबतो. त्यापुढे नाही जमायचं, दुकान आहे."

सुईवाल्या बाईंनी तपासून सांगितलं, महिन्याभरात डाव्या बाजूचं बरंचसं निघेल, उरलं तर झाकण्यापुरतं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच गोष्टी जुळून येत होत्या. ती घरी आली तीच मुळी शीळ घालत. दाढीबरोबर शीळ पण भावाकडूनच आली असणार, असं मनात येऊन स्वतःशीच हसली.

आई जागी होती. हातांच्या पट्ट्या बदलायला चष्मेवाली पलंगाच्या कडेला बसली आणि मास्क काढून ठेवला. आईनं हात वर केला. तळवा तिच्या उजव्या गालावरून फिरला, हनुवटीवर आला. गुळगुळीत.

"नाही हो," आई हिरमुसून म्हणाली. "ही नव्हे."

"मीच आहे, आई."

"नाही. तुम्ही चांगल्या आहात, पण ही नव्हे." तळवा मागे यायला निघाला आणि वाटेत डाव्या जबड्याखाली थांबला. तिथं चार दिवसांचे खुंट वाढलेले होते, पुढच्या सुईसाठी. बोटं एकदा गेली, परत आली. आईचा चेहरा बदलला. डोळे अजून भलतीकडेच होते, पण हाताला कळलं होतं.

"मने!" ती म्हणाली. "कुठं होतीस गं? किती हाका मारल्या!"

आई अंथरुणात सरसावून बसली. "बस इथं उजेडात. माझा चिमटा कुठाय?"

चिमटा दुकानात होता. ती तशीच उठली, शेजारणीला हाक मारली, अर्ध्या रस्त्यात कळलं की मास्क घरीच राहिलाय. राहू दे तिकडे! मालक शटर ओढत होते त्यांना थांबवून खणातून चिमटा काढला. मालकांनी तिच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं आणि शटर धरून उभे राहिले.

पुढच्या खेपेला तिनं सुईवाल्या बाईंना सांगितलं, "डावीकडचं राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? तेवढंच तर राहिलंय! आणि हे पुन्हा उपटलंय तुम्ही!"

"आईनं उपटलंय," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, दिव्याखाली आडवी पडून. बाई दुसऱ्यांदा ओरडल्या नाहीत. भिंगाचा दिवा बाजूला ढकलला.

"उपटून उपटून आणखी राठ होईल ते," शेवटी म्हणाल्या.

"होऊ दे."

महिना संपला. मालकांनी काउंटरवर नवीन बाई घेतली, कायमची. बाई हुशार निघाली, काड्या सरळ वळवायची; तोही एक सल. चष्मेवाली मशीनवर काचा घाशीत राहिली. रोज सकाळी मात्र खिडकीशी खुर्ची लागायची. आईचा हात इतका कापायचा की दहादा चिमटा हवेतच मिटायचा आणि एकदा कातडीच पकडायचा. चष्मेवाली ओठ दाबून बसायची. तेवढा वेळ आई कुणाला अहो बाई म्हणायची नाही, चादर उपसायची नाही. गिरणीतल्या गोष्टी सांगायची, मनीला शाळेत कोण काय म्हणालं ते विचारायची. एकदा म्हणाली, "पोरं चिडवतात म्हणून मी तुला मनी म्हणायचं सोडलं. पण मनात म्हणायची हो." हे ऐकायला किती वर्षं लागली! आणि चहा निवला की पुन्हा, "अहो बाई, माझी मनी दिसली का?"

एका सकाळी आईनं तळवा फिरवला, "हलू नकोस," म्हणाली, आणि पुढचं तिला आठवेना. चिमटा धरून ती गोंधळून बघत राहिली.

"एकच राहिलाय, आई," चष्मेवाली म्हणाली.

"हो ना?" आई म्हणाली. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

भाऊ आला, रडला, गेला. सगळं उरकल्यावर चष्मेवाली सुईवाल्या बाईंकडे जाऊन आडवी झाली आणि म्हणाली, "करा आता." बाईंनी दिवा ओढला. मुळं वाकडी झालेली, केस राठ. दोन-दोनदा सुई लावावी लागली. पुन्हा महिने गेले. मालकांनी एकदा तिला मास्कशिवाय मशीनवर बघितलं आणि पुढे काउंटरकडे निघून गेले. काउंटरवर जागा नव्हती आणि ती होणारही नव्हती. चेहरा आता छान झाला होता. बघायला समोर भिंत होती.

शेवटच्या खेपेला बाईंनी दिवा अगदी जवळ ओढला. जबड्याच्या कडेनं बोट फिरवत खूप वेळ शोधलं. मग हसल्या. इतक्या काळात त्या पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "एकच राहिलाय."

तिच्या हातातली दांडी खाली पडली. बाई दचकल्या. "काय झालं? दुखलं का? मी अजून सुई लावलीसुद्धा नाही!"

"खरंच एकच आहे?"

"मी खोटं सांगते का कधी? एकच. हा काढला की झालं, परत यायचं कारण नाही."

ती दिव्याकडे बघत पडून राहिली. दिव्याच्या उजेडानं डोळ्यांत पाणी येतच असतं, पण हे त्याचं नव्हतं.

"मग राहू द्या तो," ती म्हणाली.

सुईवाल्या बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि दिवा बंद केला.